रायसीनाचे घुमट आणि लोधी कॉलनीच्या भिंती

दिल्लीतील मराठी माणसाचा इतिहास सांगावयास कोणी बसले की तो पानिपतापासून आरंभ होतो, महादजी शिंद्यांपाशी क्षणभर विसावतो आणि तेथून एकदम केंद्र सरकारच्या नोकरीवर येऊन पोहोचतो. मधल्या काळात आपल्या लोकांनी ह्या शहरात काय केले, ह्याचा उल्लेख सहसा आढळत नाही. त्या मधल्या काळातील एक प्रकरण रंगांचे आहे. एका भिंतीवर अनेक हातांनी मिळून चित्र काढावे आणि ते सर्वांनी पाहावे, ही गोष्ट दिल्लीत कशी आली, कोणी आणली आणि मुलाबाळांपर्यंत पोहोचावयास तिला इतकी वर्षे का लागली, हे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवण्याचा मानस आहे.

विषयाची ओढ कशी लागली, ते प्रथम सांगतो. माझे बालपण लोधी कॉलनीतील सरकारी क्वार्टरमध्ये गेले. इंग्रजांनी जाता जाता, १९४० नंतरच्या दशकात, सरकारी नोकरांसाठी बांधलेली ही वसाहत. मधोमध चौक, भोवती दुमजली घरे, आत शिरावयास उंच कमानी, आणि रस्त्याच्या बाजूस लांबरुंद कोऱ्या भिंती. त्या भिंतींचा आम्हा मुलांना एकच उपयोग ठाऊक होता. आईच्या शेगडीतील कोळसा पळवून आणावयाचा आणि भिंतीवर तीन उभ्या रेघा ओढून क्रिकेटचे स्टंप काढावयाचे. दर वर्षी चुना देणारी माणसे आली की स्टंप नाहीसे होत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटत. ह्या कलाकृतीबद्दल वडिलांच्या हातचा प्रसाद मी एकाहून अधिक वेळा खाल्ला आहे. ‘सरकारी भिंतीला हात लावायचा नाही’ हे वाक्य आमच्या घरात रामरक्षेइतके पाठ होते. पुढे वडील निवृत्त झाले, क्वार्टर सुटले, आणि आमचे बिऱ्हाड यमुनेपलीकडे गेले. त्याच भिंतींवर पुढे सरकारच्याच परवानगीने दोन मजले उंच चित्रे निघतील, असे कोणी तेव्हा सांगितले असते तर ते आम्हांस खरे वाटले नसते.

आता मूळ कथेकडे वळू. १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन नावाचे चित्रकार मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे प्रमुख म्हणून रुजू झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या पाठिंब्याने त्यांनी शाळेत भित्तिचित्रणाचा वर्ग उघडला. फळ्यावर कागद लावून एकट्याने चित्र काढणे वेगळे आणि दहापाच जणांनी परांचीवर चढून एक भिंत पुरी करणे वेगळे. भिंतीच्या चित्रात कोणी आराखडा करतो, कोणी तो मोठ्या कागदावर उतरवतो. मग रेषांवर टाचणीने बारीक छिद्रे पाडून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटतात. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांची रेषा उमटलेली दिसते. एकाचा हात मानवाकृतींवर बसलेला असतो, दुसऱ्याचा वस्त्रांच्या चुण्यांवर, तिसऱ्याचा वेलबुट्टीवर. शेवटी कोणते बोट कोणाचे, हे ओळखू येऊ नये, ही त्या कामाची कसोटी. घरात दहा माणसांच्या पंक्तीचा स्वयंपाक जसा होतो, त्यातलाच हा प्रकार म्हणावयाचा. १९२४ साली लंडनजवळ वेम्बली येथे भरलेल्या साम्राज्य प्रदर्शनात ह्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी एक संपूर्ण ‘भारतीय दालन’ सजविले, तेव्हा ह्या वर्गाचे नाव समुद्रापलीकडे गेले.

इकडे रायसीनाच्या टेकडीवर नव्या राजधानीच्या इमारती उभ्या राहत होत्या. सचिवालयाच्या उत्तर व दक्षिण ह्या दोन्ही इमारतींचे शिल्पकार हर्बर्ट बेकर. दगड राजस्थानचा, पैसा हिंदुस्थानचा आणि आराखडा इंग्रजांचा. मग आतील भिंती तरी येथील चित्रकारांना मिळाव्यात, अशी मागणी मुंबईत जोर धरू लागली. कन्हैयालाल वकील ह्यांनी वृत्तपत्रांतून तिचा सतत पाठपुरावा केला आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांसारखे कलाप्रेमी तिच्या पाठीशी उभे राहिले. मुंबईला काम मिळणार म्हटल्यावर कलकत्ता रुष्ट झाले. खरी भारतीय कला कोणाची, असा वाद बरीच वर्षे रंगला. तो आज वाचताना थोडे हसू येते, कारण बंगाली परंपरेतील तरुण चित्रकारांनाही लौकरच लंडनच्या इंडिया हाउसच्या भिंती मिळाल्या आणि दोन्ही पक्षांची समजूत निघाली. असो.

१९२८-२९ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेच्या मंडळींनी नॉर्थ ब्लॉकमधील दालनांचे काम केले. समितीच्या दालनाच्या घुमटाखाली ललितकला आणि भारतीय कलेतील निरनिराळे कालखंड असे विषय योजले होते. शाळेतील भारतीय पद्धतीच्या चित्रकलेची धुरा वाहणारे जी. एच. नगरकर त्यांत होते. मथुरेकडचे पण मुंबईत घडलेले तरुण जगन्नाथ मुरलीधर अहिवासी ह्यांच्याकडे नाट्यकलेचे चित्र आले. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर तेव्हा साठी ओलांडलेले होते. त्यांनी कायदेमंत्र्यांच्या दालनासाठी हिंदू आणि मुस्लिम न्यायपद्धतींचे प्रसंग रंगविले. धुरंधरांचे नाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात देवादिकांच्या छापील चित्रांमुळे पोहोचलेले होते. आपल्या कलाशाळेतील दिवसांची हकिगत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ह्या पुस्तकात सांगून ठेवली आहे. ते पुस्तक १९४० सालचे.

आणखी एक नाव येथे घेतलेच पाहिजे. सॅम्युअल फैझी-रहामिन हे पुण्यात जन्मलेले बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणच्या शनिवार तेल्यांच्या समाजातील. मुंबईच्या कलाशाळेत शिकून ते विलायतेस गेले, परत आल्यावर इंग्रजी धाटणी टाकून देशी पद्धतीकडे वळले, आणि सॉलोमन ह्यांच्या शिकवणुकीवर त्यांनी कडक टीका केली. तरीही सचिवालयातील काही घुमट त्यांनाच मिळाले आणि ते त्यांनी स्वतंत्रपणे रंगविले. फाळणीनंतर ते कराचीत स्थायिक झाले. त्यामुळे दिल्लीतही त्यांची आठवण कोणी काढीत नाही आणि पुण्यातही नाही.

चित्रे कशी आहेत? मी कलेचा जाणकार नव्हे; परंतु जी छायाचित्रे व पुस्तकांतील प्रतिमा पाहावयास मिळाल्या, त्यांवरून माझे मत असे की अजिंठ्याची आठवण ठेवून विलायती शरीरशास्त्र गिरविण्याची ही धडपड सर्वत्र सारखी साधलेली नाही. काही आकृती नाटकातील पात्रांसारख्या उभ्या आहेत. पण विशी-पंचविशीतील मुलांना एवढी मोठी जागा आणि एवढे एकत्र काम मिळाले, ही घटनाच त्या काळी अपूर्व होती. सॉलोमन ह्यांनी १९३० साली ह्या भित्तिचित्रांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात विद्यार्थ्यांविषयीचे त्यांचे कौतुक लपत नाही.

ह्या सर्व उद्योगात एक उणीव मात्र राहिली. चित्रे लागली ती अधिकाऱ्यांच्या डोक्यावर. १९३१ च्या फेब्रुवारीत नव्या राजधानीचे रीतसर उद्घाटन झाले आणि त्या दालनांची दारे सामान्यांना बंद झाली. स्वातंत्र्य आले तरी सचिवालयात पासावाचून प्रवेश नव्हताच. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, काका, मामा त्या इमारतीत आयुष्यभर नोकरी करून गेले. सकाळी सायकल लावावयाची, फायलींत मान घालावयाची आणि संध्याकाळी परत यावयाचे. डोक्यावरचा घुमट आपल्याच मुंबईच्या पोरांनी रंगविला आहे, हे त्यांतील किती जणांस ठाऊक होते? माझ्या वडिलांस नव्हते. त्यांनी मला स्टंपांसाठी मारले, ते मात्र ठाऊक आहे.

भिंतीचे चित्र लोकांसाठी असावे हा विचार स्वातंत्र्यानंतर पुन्हा डोके वर काढतो, तोही एका मराठी माणसाच्या पुढाकाराने. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर हे अहमदाबादचे पुढारी खरे, परंतु घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. संसद भवनाच्या तळमजल्यावरील वर्तुळाकार बाह्य मार्गिकेत देशाचा इतिहास चित्ररूपाने मांडावा, अशी त्यांची कल्पना. त्यासाठी १९५१ साली त्यांच्याच अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तीत संसद-सदस्यांबरोबर इतिहास व पुरातत्त्वाचे जाणकारही होते. मोहेंजोदडोपासून स्वातंत्र्यापर्यंतचे प्रसंग ठरले आणि प्रांतोप्रांतीच्या चित्रकारांनी मिळून एकूण ५९ चित्रफलक पुरे केले. काम पुरे झालेले पाहणे दादासाहेबांच्या नशिबी नव्हते. १९५६ साली त्यांचे निधन झाले. शाळांच्या सहली संसद पाहावयास येत, त्यांतील मुलांना ही चित्रे पाहावयास मिळत. परंतु बंदोबस्त वर्षागणिक वाढत गेला, २००१ च्या हल्ल्यानंतर तर फारच. २०२३ साली संसद नव्या इमारतीत गेली. जुनी इमारत आता संविधान सदन म्हणून ओळखली जाते आणि ते फलक तेथे आहेत.

येथवरचा इतिहास दरबारी भिंतींचा झाला. पण आपल्याकडे भिंत रंगविण्याची दुसरी एक रीत फार जुनी आहे. तिला ना परवानगी लागते ना गव्हर्नर. डहाणू, तलासरी, जव्हार ह्या भागात वारली घरी लग्न निघाले की सवाष्णी जमतात. कुडाची भिंत शेणामातीने सारवून गेरूने तांबडी केलेली असते. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग करतात आणि बांबूची काडी टोकाशी चेचून तिचा कुंचला करतात. मग लग्नाचा चौक लिहिला जातो. त्यांच्या बोलीत चित्र ‘लिहितात’, काढीत नाहीत. चौकात पालघट देवी, बाजूस सूर्य-चंद्र, शिडी, फणी, झाडे, घोड्यावरचा देव. आणि हे चालू असता धवलेरी गाणी म्हणते. एकीने चौकट धरावी, दुसरीने जाळी भरावी, पोरीबाळींनी कडेचे ठिपके द्यावेत, असे काम चालते. कोणी खाली नाव घालीत नाही. लग्न झाले की चित्राचे काम संपले. पुढल्या सारवणात ते गेले तरी त्याचे कोणास दुःख नसते.

ही भिंत दिल्लीस कळली ती भास्कर कुलकर्णी ह्या मराठी चित्रकारामुळे. १९६६-६७ साली बिहारात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर ह्यांनी त्यांना मिथिलेस पाठविले. तेथील स्त्रिया नवदांपत्याच्या खोलीच्या भिंती रंगवीत. त्यांना कागद देऊन त्यांची चित्रे विकली जातील असे करावे, म्हणजे उपाशी घरांत चार पैसे जातील, हा उद्देश. भास्करराव त्या खेड्यांतून हिंडले आणि मधुबनीची चित्रे दिल्लीच्या बाजारात आली. १९७० नंतर त्यांनी हेच काम आपल्या ठाणे जिल्ह्यातील वारली पाड्यांत केले. तेथे त्यांना गंजाडचे जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हशांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. जगभर वारली चित्र म्हणून जे ओळखले जाते, ते त्यांच्या हातचे.

ह्यातून गरिबांच्या घरी मीठभाकर गेली, हे मोठेच काम झाले. पण जे घडले ते सारेच सुखाचे होते, असे मला वाटत नाही. भिंत होती तेव्हा ती दहा बायकांची होती. कागद आला तेव्हा तो एका पुरुषाचा झाला. चित्राखाली सही आली, तिला किंमत आली, आणि चौक लिहिणाऱ्या सवाष्णी मागे राहिल्या. प्रगती मैदानाजवळील हस्तकला संग्रहालयात ठिकठिकाणच्या लोकचित्रकारांनी मातीच्या भिंतींवर हात चालविलेला आहे. तेथे गेल्यावर कागद आणि भिंत ह्यांतील हा फरक ध्यानात येतो. आपल्या मुलांना घेऊन एखाद्या रविवारी जाण्याजोगे ते ठिकाण आहे. नोएडा-गुरुग्रामच्या वाचकांसही मेट्रोने फारसा त्रास पडू नये.

आणि आता लोधी कॉलनी. २०१४ च्या जानेवारीत आय. टी. ओ. चौकातील तेव्हाच्या पोलीस मुख्यालयाच्या भिंतीवर महात्माजींचे सुमारे दीडशे फूट उंच चित्र उभे राहिले. हेंड्रिक बायकिर्श हे जर्मन चित्रकार आणि अन्पू वर्की ह्या भारतीय चित्रकर्त्री ह्यांनी मिळून ते केले. त्यामागे स्टार्ट इंडिया फाउंडेशन ही संस्था होती. तिनेच २०१५-१६ च्या हिवाळ्यात खन्ना मार्केट आणि मेहरचंद मार्केट ह्यांमधल्या गल्ल्यांतील सरकारी क्वार्टरांच्या भिंती मागितल्या. सरकारी खात्यांनी त्या दिल्या, हे आश्चर्य! देशोदेशींचे चित्रकार आले. पुढील काही वर्षांत पन्नासाहून अधिक भिंती रंगल्या. २०२५ सालीही आणखी भर पडली.

त्यांपैकी एका भिंतीजवळ मराठी माणसाने मुद्दाम थांबावे. आयको ह्या जपानी चित्रकर्तीने तेथे झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंना रंगविले आहे. तांब्यांची मनू, नेवाळकरांची सून, दिल्लीच्या रस्त्यावर, आणि तेही जपानी बाईच्या हातून! दुसरी भिंत डाकू ह्या नावाने वावरणाऱ्या चित्रकाराची. तेथे भिंतीवर अक्षरे लिहिलेली नाहीत, ती भिंतीपासून काटकोनात पुढे आलेली आहेत. ऊन पडले की त्यांच्या सावल्यांतून शब्द तयार होतात, सूर्य सरकेल तसे ते तिरपे होतात आणि ढग आला की नाहीसे होतात. आमच्या नातवाने तेथे पाऊण तास काढला. शब्द इंग्रजी होते, सगळे त्याला लागले नाहीत; पण ‘आजोबा, सूर्य लिहितोय’ हे त्याने मराठीत सांगितले. परदेशी शाळेत घातल्यासारखी आपली मुले इंग्रजी-हिंदीत वाढतात अशी तक्रार मंडळाच्या प्रत्येक सभेत होते. ती मीही करतो. त्या दिवशी केली नाही.

लोधी कॉलनीची चित्रे पाहावयास मुले धावतात, पण ती काढली बहुधा मोठ्यांनी, तीही निष्णात कलावंतांनी. मुलांच्या हाती कुंचला देण्याचे काम दिल्लीत दुसऱ्या मंडळींनी केले. योगेश सैनी ह्यांच्या पुढाकाराने लोधी बागेतील कचऱ्याच्या डब्यांपासून आरंभ झालेला ‘दिल्ली स्ट्रीट आर्ट’ हा गट, चित्रकला येवो न येवो, हौशी माणसांना भिंतीशी उभे करतो. २०१९ च्या सुमारास रघुबीर नगरच्या वस्तीत त्यांनी घरांच्या भिंती रंगविल्या. अशा कामाची पद्धत साधी असते. जाणत्या माणसाने मोठ्या रेघा आखून द्यावयाच्या, आणि हात पोहोचेल तेथवरची जागा मुलांसाठी राखावयाची. मुले रेघेबाहेर जातात. ते पुसावयाचे नाही. बाहेरच्या भिंतीचा रंग ऊन-पावसाने काही वर्षांत फिका पडतो, तेव्हा पुन्हा नवी मुले घेऊन काम करता येते. रंगविलेल्या भिंतीशी कोणी कचरा टाकू लागला की तीच मुले त्यास हटकतात, कारण भिंत त्यांची झालेली असते. आम्हांलाही आमची स्टंपांची भिंत आमचीच वाटत होती. फक्त ते वडिलांना पटविता आले नाही.

ह्या विषयावर आताच लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. २०२५ सालापासून मंत्रालये कर्तव्य भवनाच्या नव्या इमारतींत हलू लागली आहेत आणि नॉर्थ ब्लॉक व साउथ ब्लॉक ह्यांचे ‘युगे युगीन भारत’ ह्या राष्ट्रीय संग्रहालयात रूपांतर करण्याचे जाहीर झाले आहे. म्हणजे शंभर वर्षे होत आली तेव्हा ती दालने प्रथमच सामान्य माणसाला, मुलाबाळांना खुली होण्याचा योग आहे. अशा वेळी एक भीती वाटते. संग्रहालयात काय ठेवावे, काय झाकावे, कशाखाली कोणती पाटी लावावी हे ठरविणाऱ्यांस नव्या वस्तूंची घाई असते. छतावरच्या जुन्या, थोड्या फिकट, थोड्या नाटकी चित्रांकडे मान वर करून कोण पाहणार? पाटी लागलीच तर तिच्यावर हर्बर्ट बेकरचे नाव असेल. त्या मुंबईच्या मुलांची नावे तीवर असावीत, असे वाटत असेल तर आपण आत्ताच विचारावयास हवे.

मंडळाच्या कार्यकारिणीस माझी विनंती आहे की, सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात संबंधित खात्याकडे तसे एक पत्र जावे. दालने उघडतील तेव्हा मुलांची सहल प्रथम लोधी कॉलनीत आणि तेथून रायसीनावर न्यावी. सहलीपूर्वी आपल्या सभागृहाच्या मागील भिंतीवर, जेथे सध्या फक्त खुर्च्यांच्या पाठींचे ओरखडे आहेत, मुलांना एक चौक लिहू द्यावा. चुन्याचा खर्च मी देईन. नगरकर, धुरंधर, अहिवासी, फैझी-रहामिन आणि मला सापडलेली इतर नावे ह्यांची एक यादी मी तयार केली आहे. ती मंडळाच्या ग्रंथालयात, पुढील टेबलाच्या डाव्या खणात ठेवली आहे. कोणास भर घालता आली तर त्याच कागदावर घालावी.